कपबशीचा आवाज

ओझरच्या विमान कारखान्याच्या बाजूला आमचं गाव, आणि तिथं घरातली भांडी आपोआप वाजतात. वरून चाचणीचं विमान गेलं की मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागतात, खिडकीची काच थरथरते, आणि विमान लांब गेलं की सगळं गप्प होतं. आमचे कान लहानपणापासून त्याला तयार झालेले. पण आमच्या घरात आणखी एक आवाज होता. बशीवर कप वाजल्याचा. बारीक आणि सलग. तो आला की समजायचं, आण्णा पुढच्या ओट्यावर चहा घ्यायला बसले. आण्णा म्हणजे माझे वडील.

आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मी नाशकाच्या इंदिरानगरहून एका रविवारी घरी गेले होते. आई आणि मी आत लसूण सोलत बसलो होतो. बाहेर ओट्यावर तो आवाज झाला. विमान नव्हतं. आईनं डोक्यावर पदर घेतला, मांडीवरच्या साली झटकल्या आणि उठली.

"आले वाटतं," म्हणाली.

मग ती तिथंच उभी राहिली. मी लसूण खाली ठेवून दाराकडं गेले. बाहेर कप वाजतच होता.

ओट्यावर माझा थोरला भाऊ बसला होता. दिवसभर बागेत पेस्ट लावून आलेला. उजव्या हातात बशी, डावा हात बशीखाली आधाराला. मी दारात आलेली बघून त्यानं कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबला. आण्णाही असंच करायचे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून? थकलोय मी. तू जा, लसूण सोल, मॅडम."

पेस्ट म्हणजे काय ते द्राक्षाच्या गावाबाहेरच्यांना सांगावं लागेल. ऑक्टोबरमध्ये वेलीची छाटणी करतात. काडीवर थोडे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवतात. ते सगळे आपोआप नीट फुटत नाहीत, म्हणून त्यातल्या टोकाकडच्या ठरावीक डोळ्यांना औषध लावतात. त्यात लाल रंग मिसळतात, म्हणजे कुठल्या डोळ्याला लागलं ते दिसतं. ज्याला लागलं तो डोळा जोरात फुटतो, मागचे निजून राहतात. काम बोटांचं आहे. हातमोजा घालून, फडक्यानं, एकेक डोळा पुसत जायचं. आणि एक नियम लहान पोरालाही माहीत असतो: पेस्टच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरही काही दिवस दारूला शिवायचं नाही. ते औषध आणि दारू एका अंगात गेली की तोंड लालभडक होतं, धाप लागते, माणूस दवाखान्यात जातो.

आण्णांची बोटं पेस्टसाठी नावाजलेली होती. आमची बाग लहान, म्हणून ते टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागेतही जायचे. मी शाळेत असताना एका हंगामात त्यांचं लाल औषध डोळ्याला लागायचं सोडून काडीवर, तारेवर, त्यांच्याच मनगटावर लागायला लागलं. मुकादमानं ओळीच्या शेवटी त्यांना थांबवलं.

"आण्णा, जरा हा करा बरं."

आण्णांनी त्याच्या तोंडावर हा केला. वास आला नाही.

"वास नाय ना?" आण्णा म्हणाले.

"वास न येणारी पण मिळती आता नाशकात," मुकादम म्हणाला, आणि सगळी टोळी हसली. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावणं आलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात हा करायची पद्धतच पडली. शेतातून आले की आई दारात उभी. "हा करा." ते हा करायचे. वास नसला तरी आईचा चेहरा सुटायचा नाही, कारण आता वास नसणंही पुरावाच झालं होतं. बशी वाजली की पुरावा. सही वाकडी आली की पुरावा. पुढं त्यांची चाल सैल झाली, पाय फाकवून चालायला लागले, मग तर कुणाला शंका उरली नाही. ते दार धरून आत यायचे. पेस्टच्या दिवसांत त्या चौकटीवर त्यांच्या बोटांचे लाल माग उठले, खाली ओढल्यासारखे लांब. आम्ही दर दिवाळीला चौकट रंगवतो. उन्हाळा आला की ते माग पुन्हा वर येतात. तेलरंगही पुरत नाही.

शेवटी मामानं तोडगा काढला. माळ. आमच्याकडं पिणाऱ्या माणसाच्या गळ्यात चारचौघांत तुळशीची माळ घालतात. त्यानंतर दारू बंद, मटण-मासळी बंद. शपथ देवाची आणि साक्ष गावाची. आण्णा म्हणाले, "मी पीतच नाय, तर सोडू काय?" मामा म्हणाला, "मग घालायला काय हरकत हाय, दाजी?" आण्णांनी आईकडं बघितलं आणि म्हणाले, "तुमचं समाधान होत असंल तर घाला बाबा. भांडण तरी मिटंल."

भांडण मिटलं नाही. माळ घालून हात थांबला नाही, उलट वाढला. आधी लोक पितो म्हणायचे, आता माळ घालून पितो म्हणायला लागले. आमच्या गावात याच्यापेक्षा खाली जायला जागा नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. ते घरातही बोलेनासे झाले. एका सकाळी शेततळ्याच्या कडेनं जाताना ते आत घसरले. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, ओला झाला की धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. लोक म्हणाले, पिऊन पडला. आईही तेच म्हणाली. रडत म्हणाली, पण तेच म्हणाली. अंत्यविधीच्या आधी तिनं त्यांच्या गळ्यातली माळ काढून घेतली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. पाणी गेल्यामुळं तिचे मणी फुगलेले होते.

आता माझ्याविषयी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी सांगताना लाजत नाही, ज्यांच्याकडं आजोबापासून पदव्या आहेत त्यांनी लाजावं हवं तर. एसटीचा पास काढून बी.एस्सी. केलं, पुढं पुण्याला जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केलं. आता नाशकात कॉलेजात शिकवते. पुण्याला प्रकल्प मिळाला तो चिलटांवर. पिकलेल्या केळावर बसतात तीच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढा पैका घालून चिलटं पाळाया शिकलीस? आपल्या बेदाण्याच्या शेडवर फुकट व्हती की."

त्या चिलटांत मी जे बघितलं ते मात्र शेडवर दिसलं नसतं. अंगातल्या प्रत्येक पेशीत तोच सगळा मजकूर असतो. डोळ्याच्या पेशीत पोटाचीही जनुकं असतात आणि पोटाच्या पेशीत मेंदूचीही. मग पोट विचार का करत नाही? कारण जनुकाच्या पुढं एक पट्टा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. जनुक वाचायची यंत्रणा तिथं येऊन बसते. मज्जापेशींत काही अशी प्रथिनं असतात जी दुसरीकडं नसतात. ती मज्जापेशींच्या जनुकांच्या पट्ट्यावर बसली की जनुक वाचलं जातं. यकृतात ती प्रथिनं नाहीत, तिथं तो पट्टा मिटलेला असतो, जनुक असून नसल्यासारखं. आम्ही असा मज्जापेशींतला पट्टा घेतला, त्याच्या मागं हिरवं चमकणारं जनुक जोडलं आणि चिलटांत घातलं. ते त्यांच्या पायात होतं, पंखात होतं, आतड्यात होतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश सोडला की किड्याचं अंग अंधारात जायचं आणि आत नुसती मज्जासंस्था हिरवी उजळायची. मेंदू, पोटाकडून जाणारा मज्जेचा दोर, पायापर्यंत गेलेले बारीक धागे. देह नसलेला जीव कुणी उभा करावा तसं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला, आणि का कोण जाणे, मला चौकटीवरची ती बोटं आठवली.

भावाचा कप वाजला त्या दिवशी मी त्याच्यासमोर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि उचल म्हटलं. हात मांडीवर असताना गप्प होता. तांब्याकडं निघाला की थरथर सुरू. उचलल्यावर वाढली. दारूनं थरथरणारा हात असा ठरावीक वेळीच थरथरत नसावा. मला शंका आली, पण मी डॉक्टर नाही. मी म्हटलं, "भाऊ, नाशकाला चल. मेंदूच्या डॉक्टरला दाखवू."

आत आईनं ऐकलं. ती बाहेर आली ती थेट भावासमोर.

"हा कर."

"आई, मी चाळिशी ओलांडलेला माणूस हाय."

"तुझा बाप पन व्हता. हा कर."

त्यानं केला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. तिचा चेहरा मी ओळखला. आईचा चेहरा होता तो, माझ्या शाळेच्या दिवसांतला.

"कार्तिकी एकादशीला माळ घालायची," आई म्हणाली. "मामाला निरोप धाडते. ह्यांचीच माळ हाय पेटीत."

मला वाटलं भाऊ भडकेल. तो म्हणाला, "घाल बाई. भांडण तरी मिटंल."

जवळजवळ तेच शब्द. त्यानं ते आण्णांकडून ऐकलेले नव्हते, तेव्हा तो वस्तीवर पाणी भरायला गेला होता. मी त्याचा दंड धरून त्याला अंगणात ओढलं.

"माळ घातलीस की तू पितोस असं ठरलं. मग तू काहीही सांग, कोणी ऐकणार नाही. आण्णांचं काय झालं बघितलंस ना?"

"मग करू काय? रोज बायकोसमोर हा करू?"

"एकादशीपर्यंत थांब. एवढंच."

नाशकाला डॉक्टरांनी त्याला कागदावर गोल गोल चकली काढायला लावली, एका रेषेवर चालवलं, वडिलांची सगळी हकीकत विचारली. मग रक्त घेतलं आणि ते तपासायला बाहेर पाठवलं. त्या दिवसांत मी कॉलेजात शिकवत होते आणि अभ्यासक्रमात नेमका तोच धडा आला. फळ्यावर पट्टा काढला, त्याच्या मागं जनुक काढलं, आणि मुलांना म्हटलं, चूक जनुकातच असते असं नाही, कधीकधी त्याच्या पुढच्या पट्ट्यात असते. खडू ओढताना मी माझ्या बोटांकडं बघत होते. रेघ सरळ आली. मी ती पुसून पुन्हा काढली.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा भाऊ आणि मी गेलो. त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. मेंदूत वाचलं जाणारं एक जनुक आहे. त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यात तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. भावाच्या रक्तात ती हवी त्यापेक्षा फार जास्त वेळा आली आहेत. त्यामुळं जनुकाचं वाचन बिघडतं असं समजतात, अजून सगळं कळलेलं नाही. हात थरथरणं इथूनच सुरू होतं, पुढं चाल बिघडते, हळूहळू. मुळापासून बरं करणारं औषध नाही. थरथर कमी करायला आहे.

"आणि दारू?" भावानं विचारलं.

"दारूचा काही संबंध नाही. हे वडिलांकडून आलंय."

भाऊ हसला. रोगाचं नाव ऐकून हसणारा माणूस डॉक्टरांनी बघितला नसावा. "म्हंजी आण्णा खरं बोलत व्हते," तो मला म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा असा काही झाला की मी खिडकीबाहेर बघितलं.

डॉक्टरांनी मलाही विचारलं. भावाबहिणीत प्रत्येकाला निम्मी शक्यता. तपासायचं का, कधी, हे माझं मी ठरवायचं. मी म्हटलं, आधी आईला समजावते. अजून मी तपासलेलं नाही.

एकादशीच्या आदल्या सकाळी मी गावी गेले. आई बागेत होती. पेस्ट लावलेले डोळे फुटून हिरवे कोंब वर आलेले, मागचे डोळे तपकिरी, बंद. आई ओळीतून चालत होती. मी पिशवीतला डॉक्टरांचा कागद काढला नाही. तिला वाचता येत नाही, आणि कागदावरच्या गोष्टीवर तिचा विश्वासही नाही.

"आई, भावाला आजार आहे. आण्णांनाही होता. मेंदूचा."

"आजार अंगभर असतो. ह्यांचं पोट नीट, काळीज नीट. ताप नाय, खोकला नाय. नुसता हात. असला कसला आजार?"

मी एक काडी धरली. "या काडीतला कुठला डोळा वेगळा आहे?"

"कुठलाच नाय. सारे येकाच येलीचे."

"मग हाच का फुटला?"

"पेस्ट लावली म्हून."

"तसंच. ती चूक आण्णांच्या अंगात सगळीकडं होती. पोटात, कातडीत, रक्तात. पण तिथं ती निजलेली. मेंदूत तेवढी जागी होती. मेंदूतल्या पेशीच ते जनुक जागं करतात, दुसऱ्या करत नाहीत. म्हणून पोट नीट आणि हात तसा."

आईनं एका कोंबाला बोट लावलं. मग मागच्या बंद डोळ्याला लावलं. मला वाटलं, माझं शिकवणं फुकट गेलं. मी पुढं काही सांगणार होते.

"त्यांचं तोंड लाल झालं नाय गं," आई म्हणाली.

"काय?"

"पेस्टच्या दिसांत. पलीकडच्या बागेत येकानं आदल्या दिवशी घेतली व्हती, त्याचं तोंड टमाट्यावाणी झालं, धाप लागली, गाडीत घालून न्येला. आन् आपण म्हनत व्हतो हे रोज पितात. रोज पेस्ट लावून यायचे. मी पानी तापवायची, ते तोंड धुयाचे, मी समोर हुबी. येकदा पन लाल झालं नाय. हात तेवढा लाल, रंगानं." ती खाली बसली, वेलीच्या बुडाशी, मातीत. "सगळ्या गावाला ठावं हाय पेस्टवर दारू चालत नाय. मला ठावं हाय. मंग मी त्यांना हा कराया का लावीत व्हते?"

मी तिच्या शेजारी बसले. विमान आलं, आमच्या डोक्यावरून गेलं. मांडवाच्या तारा गुणगुणल्या.

"ते सांगत व्हते का गं मला?"

"सांगत होते, आई."

"व्हय," ती म्हणाली. "सांगत व्हते."

दुसऱ्या दिवशी मामा आला, चुलते आले, शेजारचे दोघंतिघं आले. मी आईला रात्री विचारलं नव्हतं की आता काय करायचं, आणि तिनं सांगितलं नव्हतं. भाऊ आंघोळ करून पाटावर बसला होता, मान खाली. वहिनीनं हळदकुंकवाचं ताट आणलं. आईनं पेटीतून माळ काढली. फुगून वाळलेले मणी, तडे गेलेले.

"ऊठ," ती भावाला म्हणाली.

"घालायची ना?"

"तू पितो का?"

"नाय."

"मंग ऊठ पाटावरून."

तो उठला आणि ती त्याच्या जागी बसली. मामाला म्हणाली, "घाल माझ्या गळ्यात."

"अक्का, बायामाणसाला काय गरज? आन् तू कुठं पितीस?"

"हे तरी कुठं पीत व्हते?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ओट्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "ते पीत नव्हते. त्यांना मेंदूचा आजार व्हता. माझ्या पोराला बी हाय. मी त्यांना माळ घातली, ती चूक माझी. ज्याची चूक त्यानं घालायची. घाल."

मामानं घातली. त्याचे हात थरथरत होते, आणि त्याला कसलाही आजार नव्हता.

मला ते आवडलं नाही. खरं सांगते. मी शिकलेली, आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला प्रमोटर समजावून सांगायला गेले, आणि तिनं ते उचलून गळ्यात घातलं. आईला सुके बोंबील फार आवडायचे. भरीत आणि बोंबील असले की दोन भाकरी जास्त खायची. आता डब्याचा वास आला तरी उठून बाहेर जाते. मी एकदा म्हटलं, "आई, तुला तरी कुठं माहीत होतं? डॉक्टरांनाही तेव्हा कळलं नसतं." ती म्हणाली, "डॉक्टर काय रोज त्यांना तोंड धुताना बघत व्हता?"

भावाला गोळ्या सुरू आहेत. थोडा फरक पडला. पेस्टचं काम आता दुसरे करतात, तो ओळीच्या शेवटी उभा राहून बघतो. त्याला हा कर म्हणायची कुणाची हिंमत नाही, आई गावभर सांगत फिरली आहे. शेततळ्याच्या कडेला तिनं दोरखंड बांधून घेतला, पाण्यात सोडलेला, गाठी मारलेला, कोणी पडलं तर धरायला. बांधताना पाण्याकडं एकदाही बघितलं नाही, खुंट्याकडंच बघत होती.

परवा मी गेले होते. वहिनीनं भावाला चहा स्टीलच्या पेल्यात दिला. तिचा हेतू चांगला होता. पेला वाजत नाही, सांडत नाही, कुणाच्या लक्षात येत नाही. आईनं आतून बघितलं.

"कपबशीत दे त्याला," ती म्हणाली.

"आई, सांडतं हो."

"सांडंना का. पुसू की."

वहिनीनं चहा कपात ओतला. भावानं बशी उचलली. तो आवाज घरभर झाला, बारीक, सलग, मांडणीपर्यंत. आई चुलीजवळ बसली होती. तिनं ऐकलं. आणि सगळं ठाऊक असून, सगळं गावाला सांगून झालेलं असून, तिचा हात उठला आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

मग दाराच्या चौकटीकडं बघत बसली. कप वाजायचा थांबेपर्यंत.